संगणकाचं घड्याळ चार मिनिटं पुढे : नुसती वेळ लावून भागेल का?

मध्यरात्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परवा माझ्या एका सहकारी मुलीचं तीन तासांचं काम पुसलं गेलं. शोधत गेलो तेव्हा मुळाशी संगणकाचं घड्याळ निघालं. तिच्यापुढे जायला तोंड नाही, म्हणून हे नीट समजून घेऊन कायमचं मिटवायचं आहे.

दोन लिनक्स मशीन आहेत. दोन्हीवर एकच फोल्डर आहे आणि एक स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी दोन्ही बाजू जुळवते. नियम साधा आहे : जिच्यावर नंतरची वेळ ती फाइल राहते, दुसरी तिच्या खाली गाडली जाते. मी पहिल्या मशीनवर ४:१० ला फाइल सेव्ह केली. तिने तीच फाइल दुसऱ्या मशीनवर ४:१२ ला सेव्ह केली, सगळ्या दुरुस्त्यांसकट. म्हणजे राहायला हवी होती तिची. पण पहिल्या मशीनचं घड्याळ चार मिनिटं पुढे पळत होतं, त्यामुळे माझ्या फाइलवर शिक्का पडला ४:१४ चा. सव्वाचारला स्क्रिप्ट चालली आणि तिची फाइल गेली.

पहिल्या मशीनवर घड्याळाची स्थिती दाखवणारी ‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड चालवून पाहिली. ‘एनटीपी सर्व्हिस’पुढे (नेटवर्कवरच्या सर्व्हरशी वेळ जुळवणारी सेवा) ‘ॲक्टिव्ह’ दिसतं, पण ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड’पुढे ‘नो’. सेवा चालू आहे आणि वेळ मात्र जुळलेली नाही, हे मला उलगडत नाही.

माझा विचार असा : दर तासाला क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारं साधन) एक कमांड चालवायची, तिने सर्व्हरला वेळ विचारायची आणि घड्याळ लावून टाकायचं. एवढं पुरेल ना?

पायवाट

मदरबोर्डवरचा सेल बघितलात का? नाण्याच्या आकाराचा, सीआर२०३२. तो संपला की घड्याळ भरकटतं. आमच्या जुन्या मशीनचं असंच व्हायचं, सेल बदलला आणि प्रश्न मिटला.

शून्यप्रहर

@पायवाट, सेल संपल्याची खूण वेगळी असते. मशीन बंद करून पुन्हा चालू केली की तारीख थेट काही वर्षं मागे जाते, कारण वीज नसताना मदरबोर्डवरचं घड्याळ त्या सेलवरच चालतं. मशीन चालू असताना ऑपरेटिंग सिस्टम स्वतःचं वेगळं घड्याळ चालवते. सुरू होताना एकदा मदरबोर्डच्या घड्याळाला वेळ विचारते आणि पुढे प्रोसेसरच्या आतल्या मोजणीवर स्वतःच पुढे जाते. चार मिनिटांचा फरक सेलचा वाटत नाही, हळूहळू साचलेला वाटतो.

@मध्यरात्र, तीन गोष्टी सांगतो, याच क्रमाने करा.

एक, क्रॉनचा विचार सोडा. कारण खाली लिहितो.

दोन, मशीन रीबूट करू नका. हे फार महत्त्वाचं आहे. ती किती वेगाने पुढे पळते ते आधी मोजून घ्यायचं आहे. रीबूट केलंत तर ऑपरेटिंग सिस्टम प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग नव्याने अजमावते आणि तो आकडा दर वेळी थोडा वेगळा येऊ शकतो. गेलेल्या दिवसांचा हिशेब मग करता येणार नाही.

तीन, ‘सिंक्रोनाइझ्ड : नो’ म्हणजे सेवा चालू आहे, प्रश्न विचारते आहे, पण उत्तर येत नाही. एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. वाटेत कुठेतरी फायरवॉलने ते अडवलं असणार. मशीन नव्या नेटवर्कवर हलवली होती का? कधी?

आता क्रॉनबद्दल. दर तासाला घड्याळ ‘लावणं’ म्हणजे दर तासाला काळाला धक्का देणं. तुमचं घड्याळ पुढे पळतंय, म्हणजे दर तासाला ते मागे ओढलं जाणार. काळ मागे गेला की ज्या प्रोग्रॅमने सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपून वजाबाकी केली, त्याला उणे उत्तर मिळतं. डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीची दिसते. ‘मेक’ हे प्रोग्रॅम बांधायचं साधन वापरणाऱ्यांनी ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ ही सूचना पाहिली असेल, ती याच जातीची. आणि मधल्या तासाभरात घड्याळ पुन्हा पळतंच. आजार आहे तिथेच राहतो, तुम्ही तासातासाला मलम लावता.

खरं काम वेळ लावण्याचं नाही, चाल सुधारण्याचं आहे. तुमचं घड्याळ दिवसाला किती पळतं हे शिकून घ्यायचं आणि तेवढ्याने त्याचा वेग कमी करायचा. चांगला एनटीपी प्रोग्रॅम हेच करतो. ‘क्रोनी’ बसवा, ते सध्याचं उत्तम साधन आहे.

खडूफळा

शून्यप्रहर यांनी ‘चाल’ हा शब्द अगदी योग्य वापरला. जुन्या लंबकाच्या घड्याळात लंबकाखालची चकती वरखाली करून चाल लावायचे. काटे फिरवणं वेगळं आणि चकती फिरवणं वेगळं. काटे रोज फिरवत बसलात तरी चकती चुकीची असेल तर घड्याळ रोज चुकणारच.

घड्याळ का पळतं, ते सांगतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक ठोका मिळतो. प्रोसेसरच्या मोजणीमागेही असाच, पण जास्त वेगाचा स्फटिक असतो. स्वस्तातल्या स्फटिकाची चूक दशलक्षात वीस भाग इतकी सहज असते. याला ‘पीपीएम’ म्हणतात. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे १ पीपीएम चूक दिवसाला ०.०८६४ सेकंद. २० पीपीएम म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ ५२. त्यात तापमान बदललं की स्फटिकाची चालही बदलते. बंद खोलीत तापलेली मशीन आणि गार खोलीतली मशीन, दोघींची चाल सारखी राहत नाही.

आता सर्व्हरकडून वेळ कशी मिळते ते. मला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत आवडतो, म्हणून सावकाश लिहितो.

सर्व्हरने ‘दहा वाजले’ असं सांगितलं तरी तो निरोप वाटेत काही वेळ घालवतो. किती, ते माहीत नसतं. मग एनटीपी चार वेळा टिपून ठेवतं. प्रश्न निघाला तेव्हा माझ्या घड्याळात किती वाजले, सर्व्हरला मिळाला तेव्हा त्याच्या घड्याळात किती, सर्व्हरने उत्तर सोडलं तेव्हा त्याच्याकडे किती, आणि मला मिळालं तेव्हा माझ्याकडे किती.

समजा प्रश्न निघाला दहाच्या ठोक्याला, ०.००० सेकंदावर. सर्व्हरच्या घड्याळात तो पोचला २.०३० ला, उत्तर निघालं २.०३१ ला. माझ्याकडे परत आलं ०.०६१ ला. जाताना दिसणारा फरक २.०३० सेकंद. येताना २.०३१ वजा ०.०६१, म्हणजे १.९७०. दोघांची सरासरी बरोबर २ सेकंद. माझं घड्याळ दोन सेकंद मागे आहे. प्रवासाला लागलेला वेळ जाताना फरकात मिसळतो, येताना त्यातून वजा होतो आणि सरासरीत नाहीसा होतो. एकूण प्रवास ०.०६१ वजा सर्व्हरने घेतलेला ०.००१, म्हणजे ६० मिलिसेकंद.

यात एकच गृहीतक आहे : जायला जेवढा वेळ तेवढाच यायला. तेच आकडे पुन्हा घ्या, पण जायला ५० आणि यायला १० मिलिसेकंद लागले असं धरा. सर्व्हरच्या वेळा होतील २.०५० आणि २.०५१, माझ्याकडे उत्तर पुन्हा ०.०६१ लाच. सरासरी येते २.०२०. वीस मिलिसेकंदांची चूक झाली, आणि एकूण प्रवास तोच ६० असल्यामुळे ती मला दिसणारही नाही. ही चूक फार तर एकूण प्रवासाच्या निम्मी असते. म्हणून जवळचा सर्व्हर चांगला, आणि म्हणूनच गर्दीच्या वायफायपेक्षा केबल चांगली.

डेव्हिड मिल्स यांनी हे १९८५ साली आरएफसी ९५८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात मांडलं. डेलावेअर विद्यापीठात ते पुढे कित्येक वर्षं यावर काम करत राहिले. २०२४ च्या जानेवारीत ते गेले. चार आकड्यांची ही युक्ती मात्र जशीच्या तशी चालू आहे. माझ्या मते संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ती एक आहे.

ओलावा

छान समजावलंत, पण एक शंका. घरच्या संगणकाला हे सगळं कशाला? विंडोज आपलं आपण वेळ जुळवतं. दोनचार सेकंदांनी काय बिघडतं?

शून्यप्रहर

@ओलावा, दोनचार सेकंदांनी घरी काही बिघडत नाही, हे खरं आहे. विंडोजमधली सेवा चालू असेल आणि तिला उत्तर मिळत असेल तर घरच्या मशीनसाठी तेवढं पुरे. जुन्या आवृत्त्या कार्यालयाच्या डोमेनमध्ये नसलेल्या, म्हणजे घरच्यासारख्या मशीनवर आठवड्यातून एकदाच विचारायच्या, तेवढ्यावरही लोकांचं भागलं.

प्रश्न येतो तो उत्तर मिळणं बंद झालं तर. कारण तसं कोणी सांगत नाही. पडद्यावर वेळ दिसत राहते आणि आपण ती खरी धरून चालतो. मग एक दिवस लॉगिनचा सहा आकडी कोड चालत नाही. तो कोड ३० सेकंदांच्या तुकड्यांवर बांधलेला असतो, तुमचं घड्याळ मिनिटभर हललं की बहुतेक सर्व्हर तो नाकारतात. कार्यालयांत कर्बेरॉस ही ओळख पटवणारी पद्धत वापरतात, तिथली नेहमीची मर्यादा पाच मिनिटांची. तारीखच चुकली तर ब्राउझर सगळ्या साइटना असुरक्षित म्हणू लागतो, कारण प्रमाणपत्र त्याला अजून लागू न झालेलं किंवा मुदत संपलेलं दिसतं. मध्यरात्र यांची मशीन चार मिनिटं पुढे होती, आणखी मिनिटभर पळाली असती तर कर्बेरॉसच्या मर्यादेबाहेर गेली असती.

सांदीकोपरा

माझाही प्रश्न घड्याळाचाच आहे, इथेच विचारतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स आहे. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो की वेळ काही तासांनी चुकलेली. थोड्या वेळाने आपोआप बरोबर. परत लिनक्समध्ये गेलो की तिथे चूक. फरक दर वेळी तेवढाच.

पायवाट

@सांदीकोपरा, फरक तुमच्या टाइमझोनइतकाच असणार, बघा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. दोघं एकमेकांचं लिहिलेलं चुकीचं वाचतात. लिनक्स तर वेळ जुळलेली असताना दर ११ मिनिटांनी मदरबोर्डच्या घड्याळात स्वतःची वेळ लिहून ठेवतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची नोंद १ करा, म्हणजे तेही यूटीसी धरेल. उलटही करता येतं, लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगून, पण तो मार्ग नको. जिथे वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात तिथे त्यातून नवा घोळ होतो.

सांदीकोपरा

झालं! बरोबर टाइमझोनइतकाच फरक होता. मनापासून आभार.

मध्यरात्र

आधी शून्यप्रहर यांच्या प्रश्नाचं उत्तर. हो, मशीन नव्या नेटवर्कवर हलवली होती. वहीत तारीख सापडली, आजपासून १५४ दिवसांपूर्वीची. त्या दिवशी चालू केली तेव्हापासून एकदाही रीबूट केलेली नाही. फायरवॉलचे नियम बघितले : नव्या नेटवर्कवरून बाहेर जाणारं यूडीपी १२३ बंदच होतं. म्हणजे १५४ दिवस सेवा विचारत राहिली आणि एकदाही उत्तर आलं नाही.

नियम उघडला आहे. क्रोनी अजून बसवलेलं नाही. बसवताना काय काळजी घ्यायची? पुढे गेलेली चार मिनिटं मागे यायची आहेत.

शून्यप्रहर

विचारलंत ते बरं झालं. हे न पाहता केलं असतं तर आणखी एक फाइल गेली असती.

क्रोनीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ असते. अर्थ असा : सुरुवातीच्या तीन मोजण्यांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त दिसला तर एकदम उडी मारून वेळ लाव, त्यानंतर कधीही उडी मारू नको, फक्त वेग कमीजास्त कर. तुमच्याकडे पहिल्याच मिनिटात घड्याळ चार मिनिटं मागे उडेल. ती चार मिनिटं त्या मशीनवर दोनदा येतील. म्हणून आधी फोल्डर जुळवणारी स्क्रिप्ट आणि डेटाबेस असेल तर तो थांबवा, घड्याळ जागेवर येऊ द्या, पाच मिनिटं जाऊ द्या, मग सगळं चालू करा.

काही बंद करणं शक्यच नसेल तर उडी मना करून हळूहळू आणता येतं. क्रोनी घड्याळाचा वेग जास्तीत जास्त बाराव्या भागाने बदलतं, तेव्हा २४० सेकंद फेडायला निदान ४८ मिनिटं. ‘एनटीपीडी’ हा जुना एनटीपी प्रोग्रॅम फार तर ५०० पीपीएमने सरकवतो, त्याला एवढ्याच कामाला साडेपाच दिवस लागले असते. तुमच्या बाबतीत मात्र सगळं थांबवून एकदाच उडी मारलेली बरी. तासभर वेगळ्याच वेगाने चालणारं घड्याळ मला त्याहून वाईट वाटतं.

उडीच्या आधी नेमका फरक लिहून ठेवा. ‘क्रोनीडी’ला मोठ्या क्यू पर्यायासह चालवलं तर ते फरक फक्त सांगतं, घड्याळाला हात लावत नाही. मग रात्रभर क्रोनी चालू द्या आणि सकाळी ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मधली ‘फ्रीक्वेन्सी’ची ओळ, म्हणजे घड्याळाची चाल किती चुकते तो आकडा, इथे टाका. पहिल्या काही मिनिटांतल्या आकड्यावर भरवसा नको, ‘स्क्यू’, म्हणजे त्या आकड्यातली अनिश्चितता, लहान होईपर्यंत थांबायचं.

वातकुक्कुट

सर्व्हर किती ठेवणार आहात? एकच असेल तर तो चुकला की तुम्हीही चुकलात. दोन असतील आणि दोघांत फरक पडला तर कोणाचं खरं ते ठरवता येत नाही. तीन असले तर दोघांचं एकमत होऊ शकतं. मी चार ठेवतो, म्हणजे एखादा बंद पडला तरी तीन उरतात.

हे पुस्तकी नाही. १९ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे ‘टिक’ आणि ‘टॉक’ नावाचे सर्व्हर थोडा वेळ चक्क २००० साल सांगू लागले. वेळेच्या बाबतीत त्यांच्याइतकं मानाचं ठिकाण शोधूनही मिळायचं नाही. ज्यांनी फक्त त्यांच्यावर भार टाकला होता, त्यांच्यातल्या काहींच्या मशीन बारा वर्षं मागे गेल्या. ज्यांच्याकडे इतरही सर्व्हर होते त्यांच्या प्रोग्रॅमने हे उत्तर बाजूला काढलं. एनटीपीच्या भाषेत अशाला ‘फॉल्सटिकर’ म्हणतात, खोटे ठोके देणारा.

‘पूल.एनटीपी.ओआरजी’ वापरा. २००३ पासून स्वयंसेवक आपापले सर्व्हर त्यात देतात, आणि नाव एकच असलं तरी दर वेळी वेगवेगळे सर्व्हर मिळतात. क्रोनीत ‘सर्व्हर’ऐवजी ‘पूल’ असं लिहिलंत की त्या एका नावातून ते स्वतःच तीनचार उचलतं.

आणि क्रॉनबद्दल माझंही एक म्हणणं. जगातल्या असंख्य मशीन बरोबर तासाच्या ठोक्याला एकाच सर्व्हरवर कोसळल्या तर काय होईल ते बघा. खरा एनटीपी प्रोग्रॅम ६४ सेकंदांपासून सुरुवात करतो, घड्याळ स्थिर दिसलं की अंतर वाढवत १०२४ सेकंदांपर्यंत नेतो. म्हणजे सतरा मिनिटांतून एकदा, आणि प्रत्येक मशीनचा क्षण वेगळा. २००३ मध्ये काही घरगुती राउटरच्या फर्मवेअरमध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर आलं नाही तर राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. ते इतके घरोघरी पसरले होते की विद्यापीठाच्या नेटवर्कवर पूर आला. अडवलं की उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून दर सेकंदाला आणखी प्रश्न. फुकट मिळणाऱ्या सेवेशी जपून वागावं, याची मला मनापासून काळजी वाटते.

निळावंती

छान चर्चा. मी प्रोग्रॅम लिहिते, त्या बाजूने एवढंच : एखाद्या कामाला किती वेळ लागला हे मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरूच नका. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टममध्ये ‘मोनोटॉनिक’ घड्याळ असतं. ते फक्त पुढे जातं. किती वाजले हे ते सांगत नाही, पण दोन क्षणांमधलं अंतर सांगतं आणि कोणी वेळ मागे ओढली तरी उणे होत नाही. २०१६ च्या शेवटी लीप सेकंद (घड्याळात मुद्दाम घातलेला जादा सेकंद) आला तेव्हा गो भाषेतल्या एका नावाजलेल्या सेवेचे काही सर्व्हर याच कारणाने कोसळले होते, शून्यापेक्षा कमी कालावधी निघाला म्हणून. पुढे २०१७ मध्ये गोच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या नोंदीबरोबर मोनोटॉनिक आकडाही ठेवायला सुरुवात झाली.

पायवाट

आभासी मशीनचं (खऱ्या मशीनच्या आत प्रोग्रॅमने चालवलेल्या मशीनचं) काय करायचं? माझ्याकडची एक आठवडाभर थांबवून ठेवली होती. जागी केली तर तिच्यासाठी अजून मागचाच आठवडा.

शून्यप्रहर

@पायवाट, थांबवलेल्या मशीनला मधला काळ गेल्याचं कळतच नाही. जागी झाल्यावर यजमान मशीनने तिला एकदा वेळ द्यायची असते. पण यजमानाचं साधन आणि आतलं एनटीपी, दोघंही सतत घड्याळ ओढत असतील तर एक वेग वाढवतो तेव्हा दुसरा कमी करतो आणि चाल कधीच स्थिर होत नाही. कायमची लगाम एकाच्याच हाती द्या.

मध्यरात्र

आकडे आले.

उडीपूर्वी फरक : २४१ सेकंद पुढे.
रात्रभरानंतर ‘फ्रीक्वेन्सी’ : १८.३ पीपीएम फास्ट. ‘स्क्यू’ : ०.०२ पीपीएम.

खडूफळा यांचा हिशेब लावला. १८.३ गुणिले ०.०८६४ म्हणजे दिवसाला १.५८ सेकंद. २४१ भागिले १.५८ म्हणजे साधारण १५२ दिवस. आणि वहीत मशीन हलवल्याला झालेत १५४! कागदावर हे उत्तर आलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. घड्याळाने आपण कधीपासून एकटे पडलो ते दोन दिवसांच्या फरकाने सांगितलं.

आता फरक दोनतीन मिलिसेकंदांच्या आत आहे.

खडूफळा

किती सुंदर! १५४ दिवसांना १.५८ ने गुणलं तर २४३ सेकंद व्हायला हवे होते, तुम्हाला मिळाले २४१. उरलेले दोन सेकंद तापमानाचे, शिवाय पहिल्या दिवशी मदरबोर्डच्या घड्याळातून वेळ उचलली तेव्हा तीही थोडी चुकलेली असेल.

शून्यप्रहर

हिशेब चोख बसला. यात आणखी एक गोष्ट दडली आहे, ती सांगतो. नव्या नेटवर्कवर चालू केल्यापासून त्या मशीनला एकदाही उत्तर मिळालं नाही, म्हणून तिने पूर्ण १८.३ ची चूक अंगावर घेतली. पहिला एक आठवडा जरी उत्तरं मिळाली असती आणि मग फायरवॉलने वाट अडवली असती, तर शिकलेली चाल तिच्याजवळ राहिली असती. सर्व्हर नसतानाही ती तेवढी दुरुस्ती करत राहिली असती आणि पाच महिन्यांत फरक काही सेकंदांचाच पडला असता. क्रोनी ही शिकलेली चाल ‘ड्रिफ्ट’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतं. ती फाइल कधी पुसू नका.

दुसरं, ‘क्रोनीसी सोर्सेस’ बघायची सवय लावा. ज्या सर्व्हरपुढे तारा आहे त्याच्यावर सध्या भिस्त आहे. अधिकचं चिन्ह असलेले त्याच्याबरोबर धरलेले. प्रश्नचिन्ह असेल तर तिकडून उत्तर नाही. ‘रीच’च्या रकान्यात शेवटच्या आठ प्रयत्नांचा जमाखर्च असतो, आठही यशस्वी असतील तर तिथे ३७७ दिसतं. पाच महिन्यांपूर्वी कोणी हा रकाना पाहिला असता तर तिथे शून्य दिसलं असतं. त्यावर देखरेख लावा : उत्तर आलं नाही तर तासाभरात तुम्हाला संदेश आला पाहिजे.

मध्यरात्र

देखरेख लावली. ‘रीच’ शून्य झाला किंवा फरक १०० मिलिसेकंदांवर गेला तर संदेश येतो. जुळवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही बदल केला : दोन्ही मशीनच्या वेळा आधी ताडून बघते, एका सेकंदापेक्षा जास्त फरक असेल तर काही न जुळवता थांबते. आणि दोन्हीकडे बदललेली फाइल आता गाडत नाही, दोन्ही प्रती ठेवते. खरं तर हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

आणखी एक करून बघितलं. रोजची चूक १.५८ सेकंद हे कळल्यामुळे त्या १५४ दिवसांत पहिल्या मशीनने टाकलेला प्रत्येक शिक्का मागे नेता येतो. मशीन हलवल्याच्या दिवसापासून किती दिवस झाले ते मोजायचं, १.५८ ने गुणायचं, तेवढे सेकंद वजा करायचे. शंभराव्या दिवशीच्या फाइलमधून १५८ सेकंद. अशा रीतीने स्क्रिप्टच्या नोंदी पुन्हा लावल्या, तर दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी बदललेल्या अकरा फाइल निघाल्या. त्यातल्या नऊ बरोबर जुळल्या होत्या. दोन उलट्या. एक परवाची, दुसरी सहा आठवड्यांपूर्वीची, जिचा आम्हाला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या मशीनचे तासातासाचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या प्रती असतात. परवाच्या फाइलची ४:०० ची प्रत त्यात सापडली, म्हणजे शेवटच्या बारा मिनिटांचं काम तेवढं गेलं. ते तिने आज सकाळी पुन्हा केलं. सहा आठवड्यांपूर्वीची प्रतही मिळाली, तिच्यात दोन परिच्छेद होते जे नंतरच्या कुठल्याच आवृत्तीत नव्हते. ते आम्ही दोघांनी बसून परत घातले.